दीप्तीचं नाक

रविवारी सकाळी दूध करपलं आणि मला ते कळलं सासूबाई ओरडल्यावर. सर्दी होती, म्हटलं जाईल. गुरुवार उजाडला तरी लसूण हुंगली काय आणि खडू हुंगला काय, सारखंच. हे मी कुणालाच सांगितलं नाही, कारण माझी नोकरीच नाकाची.

साकीनाक्याच्या एका गाळ्यात क्षमाताई काचेच्या बाटल्यांत कोकम सरबत भरतात. लोकांनी प्यायचं, बाटली परत द्यायची, आम्ही ती धुऊन पुन्हा भरायची. प्लास्टिकचा कचरा कमी व्हावा म्हणून ही सगळी उस्तवार. पण आपल्या लोकांना रिकामी बाटली दिसली की तीत काहीतरी भरल्याशिवाय चैन पडत नाही. रॉकेल, फिनेल, केसांचं तेल, काहीही. म्हणून धुण्याआधी प्रत्येक बाटली आणि तिच्या झाकणाचं रबर मी हुंगते. वास आला की बाटली बाद. क्षमाताईंनी तर पत्रकातच छापलंय, ‘प्रत्येक बाटली आमच्या दीप्तीने वास घेऊन तपासलेली.’

चार दिवस मी बाटल्या नाकाशी धरून नुसतं नाटक करत होते.

गुरुवारी दुपारी तीनला फोन वाजला. मुलुंडच्या एका सोसायटीतल्या रेवती मॅडम.

"अहो, सोमवारी सकाळी आमच्याकडून रिकाम्या बाटल्या गेल्या ना, त्यातल्या एकीत पेस्ट कंट्रोलवाल्याने उरलेलं झुरळांचं औषध ओतून ठेवलं होतं. कामवालीने ते फेकून बाटली तशीच देऊन टाकली. मला आज कळलं. पण तुमच्याकडे वास घेतात ना, तुम्ही काढलीच असेल."

"हो, काढली," मी म्हटलं.

तोंडातून निघूनच गेलं. फोन ठेवला. सोमवारी मी एकही बाटली बाद केली नव्हती. कितीही धुवा, रबरात मुरलेलं औषध साबणाला दाद देत नाही. त्या दिवशी धुतलेल्या साठही बाटल्या आज सकाळी घाटकोपरच्या ज्येष्ठ नागरिक संघात गेल्या होत्या. चारला त्यांचं स्नेहसंमेलन. गप्प बसले तर कदाचित काही होणारही नाही, असा विचार आला. लाज वाटते सांगायला, पण आला.

मग क्षमाताईंना सगळं सांगितलं. त्या चिडल्या नाहीत, त्यानेच मी जास्त घाबरले. त्यांनी नानांना फोन लावला. नाना म्हणजे संघाचे चिटणीस. घरोघर फिरून प्लास्टिकच्या बाटल्या बंद करायला लावणारे तेच. फोन उचलला नाही. पुन्हा लावला, नाही.

आम्ही दोघी घाटकोपरला निघालो, तर रिक्षा असल्फ्याला ट्रॅफिकमध्ये अडकली. क्षमाताई फोन लावत राहिल्या. माझ्या डोळ्यांसमोर घटाघट सरबत पिणारी म्हातारी माणसं येत होती. चार वाजून गेले.

हॉलमध्ये शिरलो तर बाटल्या उघडलेल्या. माइकवर एक आजी गात होत्या.

"पिऊ नका," मी किंचाळले. "कुणीही पिऊ नका."

गाणं थांबलं. क्षमाताई खुर्च्यांमधून फिरत एकेक रबर हुंगू लागल्या. त्यांच्या मागे मागे मी, काही उपयोगाची नसलेली. पहिल्या रांगेत त्यांनी एकदम तोंड फिरवलं. ती बाटली नानांची होती आणि अर्धी संपली होती.

"नाना, तुम्हाला वास नाही आला?" क्षमाताईंनी विचारलं.

"आला की, औषधासारखा." नाना कपाळावरचा घाम पुसत होते. "पण मीच सगळ्यांना सांगितलेलं, बिनधास्त प्या, तिथे एक मुलगी वास घेऊन तपासते. मग मीच नाक मुरडलं तर बाकीचे पितील का?"

दोघींनी धरून त्यांना रिक्षात बसवलं. क्षमाताई ड्रायव्हरला हॉस्पिटलचा रस्ता सांगत होत्या. नानांनी एका हाताने माझा हात घट्ट धरला, दुसऱ्याने ती बाटली पुढे केली.

"डॉक्टर विचारतील, काय होतं म्हणून. वास घेणारी दीप्ती तूच ना? हुंगून सांग गं. तुला कळेल."

"त्यात झुरळांचं औषध होतं, नाना," मी म्हटलं. "आणि मला रविवारपासून वासच येत नाही."

नानांनी माझा हात सोडला.