दारात वाकून

“मोजे पँटवर ओढून घ्या साहेब. पायवाट सोडू नका. घरी गेल्यावर एकमेकांची मान, कानामागं, केसांत बघा. गोचीड असतात.”

हाफपँटवाल्या गृहस्थांनी आधी आपल्या उघड्या पोटऱ्यांकडे पाहिलं, मग मामांकडे. मोजे घोट्यापाशी, पँट गुडघ्यावर, दोघांची गाठ घालायची कशी, असं त्यांनी हसत विचारलं. त्यांची बायकोही हसली. एरवी मामाही हसले असते. उद्यानाच्या फाटकावर हाच पाढा म्हणत त्यांचे केस पिकले होते, आणि लोक त्यांना गोचीडमामा म्हणत त्याचंही त्यांना कधी वाईट वाटलं नव्हतं.

गोचीड वाढलेत का हे पाहायला पांढरं कापड गवतावरून ओढत न्यावं लागतं. ते कापडाला चिकटतात आणि तिळासारखे दिसतात. ऑफिसातून कापड कधी आलंच नाही, म्हणून मामींनी घरची जुनी चादर दिली होती. मामा ती झटकून घरी न्यायचे आणि मामी इतर कपड्यांबरोबर गार पाण्यात भिजवायच्या. गार पाण्यानं गोचीड मरत नाही, कढत पाणीच लागतं, हे मामा परक्यांना घसा कोरडा पडेपर्यंत सांगत. घरी सांगायचं राहून गेलं.

मामी मात्र त्यांना तपासल्याशिवाय घरात घेत नसत. “वाका,” म्हणायच्या, आणि दारातच मान, कान, केस चाचपून, “डोक्यात काही नाही, या आत,” असा निकाल द्यायच्या. मामींना कोणी तपासायचं, हे दोघांच्याही मनात आलं नाही.

मामींना ताप आला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, कुठं रानात, गवतात गेल्या होत्या का?

“छे हो,” मामा म्हणाले, “ही घराबाहेर पडतेच कुठं?”

मग ताप साधाच ठरला. पुढे मोठ्या दवाखान्यात नर्सनं वेणी सोडली, तेव्हा कानामागं टम्म फुगलेला गोचीड निघाला. तोवर मामी माणसं ओळखेनाशा झाल्या होत्या. त्या परत घरी आल्या नाहीत.

गृहस्थ फोटोसाठी बायकोला घेऊन गवतात शिरले. मामांनी हाक मारली, त्यांनी नुसताच हात हलवला. मामांना सगळ्याचाच वीट आला. आपल्या बोलण्यानं कोणाचं काही टळत नाही, हे त्यांना आता पक्कं कळलं होतं. तरी दोघं परतताना ते आडवे आले.

“त्या तुमचं बघतील साहेब. तुम्ही त्यांचं बघा.”

“हो, हो,” म्हणत गृहस्थ गाडीकडे वळले.

संध्याकाळी मामा घरी आले. दारात थांबले, टोपी काढली आणि वाकले. बराच वेळ तसेच राहिले.

“काही पडलं का?” शेजारच्या वहिनींनी विचारलं.

“नाही,” मामा म्हणाले आणि खिशात किल्ली शोधू लागले.