कापसाच्या भुग्याची उशी

मी उशी बोलतेय. उशीनं फक्त ऐकायचं, असं तुम्ही म्हणाल. आठ वर्षं ऐकलंच की. आता थोडं माझंही ऐका.

माझा जन्म त्र्याऐंशी सालचा, भिवंडीच्या निजामपुऱ्यात. श्रीनाथराव इद्रीसशेठच्या कापड विणायच्या कारखान्यात मेहताजी, म्हणजे हिशेबनीस होते. कारखाना आणि त्यांचं घर यांच्यामध्ये एकच गल्ली, तीही अशी की दोन छत्र्या समोरासमोर आल्या तर एकीला मिटावं लागे. दिवसभर लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा खडखडाट. घरात मीठ मागायचं तरी ओरडून मागायचे.

लूमखाली कापसाचा बारीक भुगा साचतो. मऊ, पांढरा आणि फुकट. श्रीनाथरावांनी तो पोतंभर आणला आणि त्यांच्या बायकोनं, अनसूयाबाईंनी, मांजरपाटाची खोळ शिवून त्यात गच्च भरला. कुणासाठी? चार वर्षांच्या सुचेतासाठी, त्यांच्या एकुलत्या एक लेकीसाठी. वर अभ्रा घातला, त्यावर साखळी टाक्याचा हिरवा पोपट काढला. माझ्यासारखी गुबगुबीत उशी अख्ख्या गल्लीत नव्हती. स्वतःच्या तोंडानं सांगू नये, पण माझी बाजू दुसरं कोण घेणार?

सुचेता माझ्यात नाक खुपसून झोपायची. वर्षभरात तिच्या छातीतून बारीक शिट्टी यायला लागली. मला वाटलं, पोरगी मला गाणं म्हणून दाखवतेय. अक्कल बघा माझी. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं, तो दमा होता.

मग घरात गुन्हेगार शोधायची मोहीम सुरू झाली. दही बंद. केळं बंद. पेरूकडे तर बघायचंही नाही. शेजारच्या हबीबाचाची मायेनं लोबानचं धुपाटणं घेऊन यायच्या, "बच्चीला साफ हवा पायजे" म्हणत खोलीभर धूर करायच्या आणि स्वतःच खोकत घरी जायच्या. संध्याकाळी मच्छर अगरबत्ती पेटायची, ती वेगळीच. आणि सुचेताला श्वास लागला की अनसूयाबाईंची पहिली हाक मला.

"तिची उशी आणा आधी. उशीशिवाय तिला बरं वाटत न्हाय."

मला भिंतीशी उभी करायचे आणि पोरीला माझ्यावर टेकवायचे. मी कसली फुगायचे म्हणून सांगू! घरात डॉक्टरांच्या खालोखाल मान माझाच.

एक गोष्ट मात्र मला आतून कुरतडायची. सुचेताला खो-खो खेळायचा होता. पायात चपळाई होती, पण दोन खांबांमधलं अंतर धावली की छाती भरून यायची. शाळेत बाई तिला मैदानाच्या कडेला मुलींच्या चपला सांभाळायला बसवायच्या. घरी येऊन ती माझ्यात तोंड लपवायची आणि म्हणायची, "मला एकदा तरी पुरतं पळायचंय गं." मी तिचे डोळे पुसायचे. माझ्या हातात दुसरं काय होतं? हात तरी कुठे होते म्हणा.

अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात ती टेमघरला सुमतीमावशीकडे राहायला गेली. घाईत मी घरीच राहिले. पंधरा दिवस रुसून पडून होते. पोरगी परतली ती टुणटुणीत. मावशी ज्याला त्याला सांगत सुटल्या, "माझ्या हातचं खाल्लं, म्हणून बरी झाली." घरी आल्यावर आठवड्याभरात शिट्टी पुन्हा सुरू.

दिवाळीत अनसूयाबाई तिला घेऊन परत टेमघरला निघाल्या. या खेपेला मला आठवणीनं पिशवीत घातलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी सुचेताला धाप लागली. मावशींचं तोंड एवढंसं झालं. घरी बोलावलेले डॉक्टर तरुण होते. त्यांनी औषध दिलं, पोरीचा श्वास जागेवर येईपर्यंत बसून मे महिन्याची हकिगत ऐकली, मग विचारलं, "मे महिन्यात नव्हती आणि आता आहे, अशी कुठली वस्तू?"

मावशींनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ही. हिच्याशिवाय झोपत न्हाय ती."

डॉक्टरांनी मला दारात, उन्हाच्या पट्ट्यात धरलं आणि दोनच थापा मारल्या. माझ्या पोटातून धुळीचा लोट उठला. लांब बसलेली सुचेता खोकायला लागली. त्या क्षणी मला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. जिला मी पाच वर्षं कुशीत घेतलं, तिचा श्वास मीच अडवत होते.

अनसूयाबाई रडल्या. "माझ्या हातांनी भरली हो मी ती."

"ताई, हात चांगलेच आहेत," डॉक्टर म्हणाले. "आतला माल वाईट."

मग घराची रीतच बदलली. लोबान बंद, मच्छर अगरबत्तीच्या जागी मच्छरदाणी. फरशी ओल्या फडक्यानं पुसायची, लूम चालू असताना गल्लीकडची खिडकी लावून मागची उघडायची. हबीबाचाची दोन दिवस फुरंगटल्या, तिसऱ्या दिवशी स्वतःच ओलं फडकं घेऊन आल्या. सुचेताला दाट विणीच्या खोळीत नवी उशी मिळाली. दही, केळं, पेरू निर्दोष सुटले. दमा काही पळून गेला नाही, श्वासाचा पंप आजही तिच्या दप्तरात असतो. पण शिट्टी क्वचित.

मला फेकायला काढलं, तेव्हा हबीबाचाचींचे यजमान, रिक्षा चालवणारे महमूदभाई म्हणाले, "भाभी, फेकू नका. मला द्या." त्यांनी मला जाड रेक्झिनमध्ये बंद शिवून टाकलं आणि रिक्षात स्वतःच्या बुडाखाली घातलं. पोपटाची ही गत! पण माझ्यातला एक कणही आता बाहेर येत नाही, आणि दिवसभर मोकळा वारा खाते. तुमच्या घरी कुणाचं मूल असं शिट्टी वाजवत झोपत असेल, तर त्याच्या लाडक्या उशीलाही एकदा उन्हात थापट्या मारून बघा. आम्हाला स्वतःहून कळत नाही हो.

गेल्या शनिवारी महमूदभाई सुचेताला सामन्यावरून आणायला गेले होते. ती आता शाळेच्या संघात आहे. मैदानाच्या पार टोकाकडून ती रिक्षापर्यंत धावत आली आणि मागं धपकन बसली.

"चाचा, जिंकलो! तिघींना बाद केलं मी!"

"हळू बोल बेटा, आधी दम खा."

पण ती कसला दम खातेय! अख्खा सामना सांगत सुटली, निजामपुऱ्यापर्यंत. मी सवयीनं कान देऊन होते. तिचं हसू ऐकलं, बडबड ऐकली. श्वास मात्र ऐकूच आला नाही.