बर्फापलीकडे पोचलेल्यांची साक्ष

घरात नवी वस्तू आणताना आपण आधी तिच्यावरचा शिक्का बघतो. शिक्का दिसला की जीव निवांत होतो, पुढचे काही विचारायचे सुचतच नाही. मेर्वीचे पोट अशा शिक्क्यावरच चालत होते. फिनलंडमधल्या टांपेरे शहरातल्या तिच्या कार्यालयात शाळेसाठी बनवलेली अ‍ॅप तपासली जात. मुलांवर घेतलेल्या चाचण्यांचे जाड अहवाल ती वाचायची आणि मुख्याध्यापकाला एका दमात कळेल असे एकच वाक्य शिक्क्याखाली लिहायची. 'ओरावा' नावाच्या वाचन शिकवणाऱ्या अ‍ॅपखाली तिने लिहिले होते, "याने मुलांचे वाचन सुधारते, हे सिद्ध झाले आहे." सोमवारी त्या शिक्क्याची मुदत वाढवायची होती. साहेबांची सही तेवढी बाकी होती.

त्याआधीच्या शनिवारी ती तळ्याकाठच्या गावी भावाकडे गेली. यार्क्को रस्त्यावरचा बर्फ हटवणारी गाडी चालवायचा. त्याने कॉफी ओतली, दालचिनीचा पाव पुढे सरकवला आणि म्हणाला, "ताई, हेल्मी तिसरीत गेली. पण घरी पुस्तक काढलं की हिचं पोट दुखतं."

"ओरावा वापरते ना?"

"शाळेत तेच आहे आता. आउने बाईंचे वाचनाचे तास बंदच केले. पालकसभेत दोघं-तिघं कुरकुरले, तेव्हा मीच उठून म्हणालो, अहो, माझ्या बहिणीचा शिक्का आहे त्यावर! ती खोटं लिहील का?" तो हसला. "चिडीचूप झाले सगळे."

मेर्वीला बरे वाटले. अभिमानच वाटला.

दुपारी ती भाचीला घेऊन ग्रंथालयात गेली. तिथे दर शनिवारी आउने बाई आपला म्हातारा कुत्रा, मुस्ती, घेऊन बसत. मुलांनी त्याला पुस्तक वाचून दाखवायचे. कुत्रा चुका काढत नाही, म्हणून बुजरी मुलेही तिथे तोंड उघडतात. हेल्मी मुस्तीला टेकून बसली आणि अस्वलाची गोष्ट घडाघडा वाचू लागली. मेर्वी कौतुकाने ऐकत होती. मग तिच्या लक्षात आले, हेल्मीच्या तोंडच्या गोष्टीतले अस्वल कधीच झोपी गेले होते, पण पान अजून मासे पकडण्याचेच उघडे होते.

पोरीला गोष्ट पाठ होती!

"हेल्मी, आता हे दुसरं वाच ना."

"नको आत्या. मुस्तीला हेच आवडतं."

"एकच ओळ."

हेल्मीने पुस्तकाकडे पाहिलेही नाही. कुत्र्याचे कान कुरवाळत ती पुटपुटली, "चुकलं की खार पाठ फिरवते. मुस्ती नाही फिरवत."

"कुठली खार?"

"ओरावातली. पहिलीत चाचणी चालायची ना, तेव्हा ती सारखी पाठच फिरवायची. मग मी ते बंद करून ठेवायचे. मग ते चाचणीवाले काका म्हणाले, तुझं नाव काढलंय, आता नाही आलीस तरी चालेल." पोर पहिल्यांदाच हसली. "मला इतकं बरं वाटलं!"

अहवालात शाळांची नावे नसतात. पण तळाशी एक ओळ होती. ज्या मुलांनी मध्येच थांबवले, त्यांना मोजणीतून वगळले आहे. जवळजवळ निम्मी मुले. ती ओळ तिने वाचली होती. वाचून पान उलटले होते.

पुस्तक पाहून पोटात गोळा का येतो, हे ज्याला अक्षर उशिरा लाभले त्याला विचारा. तो दुकानात, दवाखान्यात चष्मा विसरल्याचे सांगत फिरतो. नऊ वर्षांची हेल्मी तेच शिकली होती.

बाहेर तळे गोठलेले होते. आउने बाई मुस्तीला घेऊन निघाल्या, तशी मेर्वी त्यांच्या मागे गेली. "नियमात बसतं हो बाई. शेवटपर्यंत टिकलेल्यांनाच मोजतात. सगळीकडे असंच."

"असेल. तू इथलीच ना? मग सांग, तळं ओलांडून पलीकडे पोचलेल्यांना विचारलं, बर्फ कसा आहे, तर काय म्हणतील?"

"पक्का आहे म्हणतील."

"आणि जे बर्फ फुटून मध्येच आत गेले, त्यांना कोण विचारणार?"

मेर्वीची नजर तळ्यावर गेली. बाई पुढे म्हणाल्या,

"ते अ‍ॅप वाईट आहे असं मी म्हणत नाही गं. ज्यांना पेललं त्यांना लाभलंही असेल. पण तू लिहिलंस, बर्फ पक्का आहे. तुझ्या शब्दावर गाव पोरांना घेऊन उतरलं. काठावर दोर धरून बसायचे ते माझे तास, तेही बंद झाले."

"हेल्मीला परत शिकवाल? मी बोलते शाळेशी."

"घर विकलं गं. पुढच्या आठवड्यात ओउलूला लेकीकडे चाललेय." बाईंनी वाकून मुस्तीच्या पाठीवरचा बर्फ झटकला. "पोरीला अजून सांगितलं नाही. जीभच रेटत नाही."

संध्याकाळी यार्क्कोला सगळे कळले. "म्हणजे बाईंना मी घालवलं," एवढेच तो म्हणाला. सकाळी त्याने गाडी काढली आणि बाईंच्या दारापर्यंतचा रस्ता साफ केला. दार वाजवायचे धाडस मात्र त्याला झाले नाही.

सोमवारी मेर्वीने जुने वाक्य खोडले आणि लिहिले, "जी मुले शेवटपर्यंत टिकली, त्यांचे वाचन सुधारले. जवळजवळ निम्मी मुले मध्येच थांबली. त्यांचे काय झाले, आम्हाला माहीत नाही. शिक्षकाच्या जागी हे वापरावे, याला कोणताही पुरावा नाही."

"अगं, हा शिक्का आहे की शोकसंदेश?" रेइयो साहेब म्हणाले. "हे वाचून कोण घेईल?"

"शोकसंदेशच समजा, साहेब. त्या निम्म्यांत माझी भाची आहे."

साहेबांनी कागद ओढून पुन्हा एकदा वाचला. मग त्यांनी सही केली.

गावच्या शाळेने वाचनाचे तास पुन्हा सुरू करायचे ठरवले, पण त्यासाठी बाई काही मिळेना. तेव्हापासून मेर्वी दर शनिवारी बस धरून येते. मुस्ती बसायचा तिथे, जमिनीवर, हेल्मीला घेऊन बसते. पुढच्या पानगळीत एकदा हेल्मी शाळेच्या दाराशी थबकली. तिथे चिकटवलेल्या ओरावाच्या शिक्क्याखालच्या वाक्यावर तिने बोट ठेवले.

"नि-म्मी मु-ले म-ध्ये-च थां-ब-ली." तिने वर पाहिले. "आत्या, यात मी आहे?"

"हो गं."

"म्हणजे माझं नाव परत घातलं?"

मेर्वीने तिला जवळ ओढले.

बंधुभगिनींनो, शिक्का जरूर बघा. पण पलीकडे पोचलेल्यांची साक्ष ऐकून उठू नका. वाटेत कोण राहिले, ते विचारा. शिक्का देणाऱ्यांनो, ते न विचारता सांगा! वगळलेले नाव परत घालता येते. पोराची गेलेली वर्षे परत घालता येत नाहीत.