बत्तीस अंशांची व्हिस्की

मामाच्या मते तीन वर्षांच्या व्हिस्कीला व्हिस्की म्हणणं हे तीन वर्षांच्या पोराला जावईबापू म्हणण्यासारखं होतं. कायद्याने म्हणता येत होतं, त्याला मामाचा इलाज नव्हता. कायदा कधी भट्टीसमोर उभा राहिला नव्हता.

मामा हा फक्त भाच्याचा मामा, पण कारखान्यात सगळेच त्याला मामा म्हणत. धान्याचा चोथा न्यायला येणारा गवळी मामापेक्षा सात वर्षांनी मोठा होता, तोही म्हणे. इथे येण्याआधी चौतीस वर्षं मामाने एका जुन्या, काळ्याकुट्ट भिंतींच्या कारखान्यात भट्टी सांभाळली होती. तो बंद पडला, तेव्हा मोठ्या बहिणीच्या मुलाने त्याला आपल्या नव्या कारखान्यात आणलं. भाच्याच्या कार्डावर ‘संस्थापक आणि स्वप्नद्रष्टा’ असं छापलेलं होतं. हे कार्ड मातीत पुरलं की त्यातून फुलझाड उगवतं, असं भाचा प्रत्येकाला सांगे. मामाने एक पुरून पाहिलं होतं. काहीही उगवलं नाही. संस्थापकसुद्धा नाही.

या कारखान्यात प्रत्येक गोष्ट पृथ्वीसाठी होती. बाटली इतक्या पातळ काचेची, की शेजारी कुणी शिंकलं तर आडवी व्हायची. बूच बुरशीपासून बनवलेलं. एका दुकानात फळीवर ठेवल्या ठेवल्या त्याला छत्री फुटली. बाटलीला लेबल नव्हतं, कारण लेबल म्हणजे कागद आणि कागद म्हणजे झाड. त्यामुळे एका गिऱ्हाइकाच्या बायकोने अर्ध्या बाटलीने घरातल्या खिडक्या पुसल्या आणि ‘काचा लख्ख निघाल्या’ असा मनापासून अभिप्राय पाठवला. भाच्याने तो ‘पुनर्वापर’ या सदराखाली भिंतीवर लावला.

चवीचं वर्णनही भाच्यानेच लिहिलं होतं. ओली लोकर, हिरवं सफरचंद आणि आशा.

“आशा?” मामाने विचारलं होतं.

“शेवटी जिभेवर रेंगाळते ती, मामा.”

“ती आशा नाही रे. ते गंधक आहे.”

गंधकाचं खापर मात्र मामाला भाच्यावर पूर्ण फोडता येत नव्हतं, कारण भट्टी तो स्वतः चालवत होता. आणि चुकीची चालवत होता, हे पंचक्रोशीत फक्त त्यालाच कळत होतं.

त्याचं कारण भिंतीपलीकडे होतं. भट्टीतून निघालेली वाफ थंड करायला पाणी लागतं आणि ते पाणी स्वतः कढत होऊन बसतं. जुन्या कारखान्यात ते ओढ्यात सोडत, आणि ओढ्यातल्या माशांना काय वाटतं हे कुणी विचारलं नव्हतं. भाच्याने विचारलं. मग त्याने त्या पाण्याची सगळी ऊब पाइपातून पलीकडच्या इमारतीतल्या व्यायामाच्या छोट्या तलावाला जोडली. त्या तलावात रोज सकाळी दहा वाजता अकरा वयस्क बायका सांधे मोकळे करायला उतरत. करार एका पानाचा होता, तोही पाठपोट, कागद वाचवायला जमतील तेवढे शब्द गाळून केलेला: ‘लाभार्थ्यांना सकाळी दहा वाजता बत्तीस अंश ऊब मिळेल.’ या ओळीवर कारखान्याला पहिल्या दर्जाचं हिरवं प्रमाणपत्र मिळालं होतं.

घोळ इथेच होता. चांगली दारू हळू येते. आच मंद ठेवायची, धार सुतासारखी बारीक ठेवायची, वाफेला तांब्याच्या भांड्याशी चार गोष्टी बोलू द्यायच्या. तांबं तिच्यातला गंधकाचा उग्रपणा काढून घेतं. याला नऊ तास लागतात. पण नऊ तासांच्या आचेवर तलाव दहा वाजता जेमतेम सत्तावीसला पोचतो. म्हणून मामा रोज सहाला भट्टी पेटवून फुटक्या नळासारखी धार सोडायचा आणि साडेचार तासांत सगळं उरकायचा. सोमवारी तलाव बंद, तेव्हा तरी हळू चालवावी म्हटलं तर ऊब जाणार कुठे? ओढ्यात सोडली की प्रमाणपत्र रद्द. म्हणजे तलाव चालू असला तर भट्टी पळवायची, आणि तलाव बंद असला तर भट्टी पेटवायचीच नाही.

थोडक्यात, हा गरम पाण्याचा कारखाना होता आणि व्हिस्की हा त्याचा चोथा होता. खरा चोथा गवळ्याच्या गायी तरी आवडीने खात होत्या.

तीन वर्षांत शेहेचाळीस पिंपं भरली. त्यातल्या एकालाही मामाने चारचौघांत आपलं म्हटलं नसतं. तो सहासष्ट वर्षांचा होता. एक पिंप, फक्त एक, नीट भरावं आणि दहा वर्षांनी उघडून चाखावं, एवढंच त्याला हवं होतं. दर आठवड्याला तो स्वतःला सांगे, पुढच्या आठवड्यात.

बुधवारी भाचा हसत हसत आला. वाईट बातमी तो नेहमी हसत आणत असे.

“मामा, उद्या एवढा दिवस काढ. शुक्रवारी मशीन बसतंय. वाफेचा व्हॉल्व्ह आता तलावातला थर्मामीटर उघडणार, बंद करणार. आपोआप! तुला हातसुद्धा लावायला नको.”

“म्हणजे भट्टी तलाव चालवणार.”

“एकदम बरोबर!”

“आणि मी काय करू?”

“तू लोकांना गोष्टी सांगायच्या. कारखाना बघायला येतात ना, त्यांना जुनी माणसं फार आवडतात.”

मामाने भाच्याकडे असं पाहिलं, की दुसरा कुणी असता तर त्याच्या बुचाला छत्री फुटली असती. पण भाच्याला अपमान कळायला वेळ लागे. तोही घाईत गाळलेला माल होता.

गुरुवारी मामाने सहाला भट्टी पेटवली आणि वाफेचा व्हॉल्व्ह रोजच्या निम्म्यावर ठेवला. पहिली, न पिण्याजोगी धार बाजूला काढली. नऊच्या सुमाराला, काचेच्या पेटीतून दिसणारी धार स्वच्छ झाली, तेव्हा त्याने तोटी फिरवून ती मधली, पिंपात भरायची धार टाकीत घेतली. थेंब बोटावर घेऊन हुंगला. गंधक नव्हतं. आशाही नव्हती. पिकलेल्या नासपतीचा वास होता आणि त्यामागे भाजलेल्या जवाचा. मामा स्टुलावर बसला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा भट्टीला शिवी न देता नुसता बसून राहिला.

दहा वाजून वीस मिनिटांनी दाराबाहेर चपट-चपट आवाज आला.

अकरा बायका आत आल्या. पांढरे टॉवेलचे गाऊन, डोक्याला रबरी टोप्या, पायात ओल्या सपाता. सगळ्यांत पुढे ताई, मामाची मोठी बहीण, भाच्याची आई, वय बहात्तर. तीन वर्षांपूर्वी ती दोन काठ्यांवर चालत असे. आता एकही लागत नव्हती, पण लोकांवर उगारायला एक बरोबर असे.

“सत्तावीस!” तिने काठी उगारली. “सत्तावीस अंश! त्या पाण्यात मी पाय घातला आणि मला माझे आजोबा दिसले.”

“ताई, बाजूला हो. काचेला हात लावू नकोस.”

“वाढव ती आच.”

“नाही वाढवणार.”

ताई थबकली. हा भाऊ तिला कधी नाही म्हणाला नव्हता. निदान तिच्या हातात काठी असताना तरी.

“का?”

“मधली धार चालू आहे. आत्ता आच वाढवली तर सगळं मातीत जाईल. अजून चार तास.”

“चार तास! आणि आम्ही काय करायचं? वाळत बसायचं?”

“आलात ना आता, तर आधी हे चाखा,” मामा म्हणाला. त्याने दोन पेले भरले. एकात कालची, पळवलेली. दुसऱ्यात आजची. दोन्हींत निम्मं पाणी घातलं. पेले हातोहात फिरले. मागे उभ्या असलेल्या, दातांच्या निवृत्त डॉक्टरीणबाईंनी, ज्यांनी चाळीस वर्षं लोकांचे दात उपटले होते, कालच्या पेल्याचा घोट घेतला आणि विचार केला.

“दाढ काढण्याआधी तोंड बधिर करायला हे चाललं असतं,” त्या म्हणाल्या. “काढल्यावर नसतं चाललं. पेशंटने केस केली असती.”

“हे माझ्या मुलाचं आहे,” ताई म्हणाली.

“म्हणून तर केस नाही करत.”

मग ताईने आजचा पेला घेतला. एक घोट घेतला. तोंडात ठेवला. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याला कौतुक म्हणणं धाडसाचं ठरलं असतं. ताई कौतुक करत नसे. पण तिने पेला पुढे दिला नाही.

“हे तूच केलंस?”

“हो.”

“आणि ते काल जे होतं, तेही तूच?”

“हो.”

“मग तीन वर्षं तू ते खिडक्या पुसायचं पाणी का गाळत होतास? येत होतं ना तुला हे?”

मामा भट्टीकडे वळला. त्याने काचेच्या पेटीत पाहिलं. धार बारीक होती, तुटत नव्हती.

“बोल की. तोंडात बूच बसलंय?”

“तुझे गुडघे,” मामा म्हणाला.

बाकीच्या दहाही जणी टोप्या चाचपण्यात गुंतल्या.

“गाढवा,” ताई शेवटी म्हणाली. तिचा आवाज रोजच्यापेक्षा एक अंश खाली आला होता. “तीन वर्षं गप्प बसलास? एक दिवस नसते पोहले तर मी काय वितळले असते?”

तेवढ्यात दार पुन्हा उघडलं. भाचा धापा टाकत आला आणि त्याच्यामागून सायकलचं हेल्मेट न काढता प्रमाणपत्रवाली बाई. तलावातला आकडा खाली आला की तिच्या फोनमध्ये घंटा वाजे, आणि वीस मिनिटं वाजत राहिलेली घंटा बंद करायला ती स्वतः आली होती.

“मामा!” भाचा ओरडला. “काय केलंस तू? दर्जा जाईल आपला!”

“दर्जा तीन वर्षांपूर्वीच गेलाय, बाळा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आम्ही आत्ता चाखून बघितला.”

प्रमाणपत्रवालीने वही उघडली. “ऊब कुठे सोडली जाते आहे?”

“कुठेच नाही,” ताई म्हणाली. भट्टीभोवती विटांचा कठडा होता, हात ठेवण्याइतका गरम. ताईने तिथे पडलेलं एक पोतं ओढलं, त्यावर बसली, गाऊन जरा वर घेतला आणि दोन्ही गुडघे कठड्याला टेकवले. मग मागे न पाहता काठी हलवली. दहा जणी चपट-चपट करत गोल बसल्या. बावीस गुडघे विटांना लागले. कुणीतरी समाधानाने “आई गं” म्हणालं.

“करारात काय लिहिलंय?” ताईने मुलाला विचारलं.

भाच्याने खिशातून करार काढला. “लाभार्थ्यांना सकाळी दहा वाजता बत्तीस अंश ऊब मिळेल.”

“पाणी कुठे लिहिलंय का?”

“कागद वाचवायला तो शब्द आपण...” भाचा थांबला.

“घ्या मोजून,” ताईने गुडघा पुढे केला.

प्रमाणपत्रवाली थोर बाई होती. तिला हसू येत नसे. ती खाली वाकली, आपला थर्मामीटर ताईच्या गुडघ्याला लावला आणि पूर्ण एक मिनिट तशीच वाकून राहिली.

“बत्तीस,” ती म्हणाली. मग शास्त्रशुद्ध पद्धत म्हणून तिने उरलेले एकवीस गुडघे मोजले. एका बाईंचा डावा गुडघा एकतीसच भरला, पण त्यांनी आधीच सांगितलं होतं, तो धातूचा आहे. प्रमाणपत्रवालीने लिहून घेतलं: ‘मधे पाइप नाही, पंप नाही. ऊब थेट लाभार्थ्यांपर्यंत. उशीर पन्नास मिनिटं.’ मग भाच्याकडे वळून ती म्हणाली, “ही तुमची आजवरची सगळ्यांत कार्यक्षम व्यवस्था आहे. हिच्यासाठी वेगळा रकाना करावा लागेल.”

भाच्याचा चेहरा उजळला. “मामा, हे भिंतीवर लावू या आपण! ‘मानवी ऊब’!”

“आधी ऐक,” ताई म्हणाली. “दर गुरुवारी भट्टी अशीच हळू चालेल आणि आम्ही इथे बसू. बाकी दिवस तुझं ते मशीन काय करायचं ते करू दे. गुरुवारी त्याला कुणी हात लावायचा नाही.”

“पण आई, हळू म्हणजे माल निम्माच...”

“निम्मा असला तरी तो खिडक्या पुसण्यातून वाचेल.”

मग ती भावाकडे वळली. “कुठल्या पिंपात भरणार हे?”

मामाने कोपऱ्यातलं रिकामं पिंप दाखवलं. ते त्याने तीन वर्षांपूर्वीच निवडून ठेवलं होतं आणि त्यावर पोती टाकून लपवलं होतं. ताई कठड्याला धरून उठली, काठी न टेकता चालत कोपऱ्यात गेली, पोती झटकली, पिंपावर दोन थापा मारून आवाज ऐकला आणि ओल्या गाऊनसकट त्याच्यावर जाऊन बसली.

“आई, पिंप ओलं होतंय,” भाचा म्हणाला. “आणि तसंही तीन वर्षांनी बाटलीत...”

“दहा,” मामा म्हणाला.

“दहा,” ताई म्हणाली. “तोवर मी इथून उठत नाही.”

“दहा वर्षांनी तू ब्याऐंशी असशील, आई.”

“आणि हा शहात्तर. आणि तू तेव्हाही असाच असशील. जा, यांना खुर्च्या आण. चार तास पोत्यावर बसवणार आहेस का?”

भाचा खुर्च्या आणायला गेला. डॉक्टरीणबाईंनी मामाला विचारलं, ही मधली धार म्हणजे नेमकं काय, आणि पहिल्या धारेची म्हणून लोक एवढं नाव घेतात ते कशाला? मामा म्हणाला, लोकांना काही कळत नाही म्हणून. मग शेजारच्या बाईंनी विचारलं, ही काच शेवटची कधी पुसली होती. तिसरीने सांगितलं, स्टूल वाकडं आहे. पुढच्या गुरुवारपासून दर आठवड्याला हे ऐकायचं आहे, हे मामाच्या लक्षात आलं आणि त्याने एकदा डोळे मिटले.

मग उघडले. पेटीत धार सुतासारखी बारीक पडत होती. त्याने व्हॉल्व्हला हात लावला नाही.