गुंडाच्या अंगावरची इमारत

दुसऱ्या महायुद्धातली लढाई संपवून अर्जुना शिराळ्याजवळच्या आपल्या गावी परतला, पण एका प्रश्नातून त्याची सुटका नव्हती. चांदसाहेबाच्या दुकानापुढे टेकला, की कुणीतरी विचारायचंच: इटलीत ज्या इमारतीखाली सापडून तुझ्या पलटणीतला आपला गुंडा मेला, ती होती तरी केवढी? सांगून सांगून अर्जुनाला वीट आला होता. शेवटी त्याने पलटणीतल्या गोऱ्या साहेबाकडून ऐकलेलं सांगून टाकलं, "चाळीस हजार पौंडांची."

झालं. चांदसाहेब चहाचे पौंडाचे पुडे विकणारा माणूस, त्याला पौंड कोण शिकवणार? त्याने बोटांवर हिशेब केला. "पाचशे मण की रं. तीस गाड्या दगुड."

"आवं चांदभाई, वजन न्हवं त्ये. पौंड म्हंजी सायबाचा रुपाया."

"मग रुपाया काय वजन न्हवं?" चांदसाहेबाने चांदीचा रुपया पारड्यात टाकला. तंबाखू तो रुपयानेच तोलायचा. एक रुपया म्हणजे एक तोळा, आणि आजवर गावात कुणी तक्रार केली नव्हती. मंडळी हसली. एकाने विचारलं, मग आपली चावडी किती तोळ्यांची? लढाईत दमला नव्हता एवढा अर्जुना या कट्ट्यावर दमला होता.

मिठाला आलेली गुंडाची आई, अंबूबाई, खांबाला धरून उभी आहे हे सगळ्यांना उशिराच दिसलं. हसणं थांबलं.

"तीस गाड्या पडल्या व्हय रं माझ्या लेकरावर?"

अर्जुना उठून उभा राहिला. "न्हाई काकी. ती नुसती किंमत. गुंडावर एक तुळई तेवढी पडली. हलकीच व्हती."

म्हातारीला तेवढंच बरं वाटेल असं त्याला वाटलं. पण तिचा चेहरा पार उतरला.

"इस्लामपूरच्या बाजारात तीन मणाचं पोतं एकला उचलायचा माझा गुंडा," ती म्हणाली. "मग हलक्या तुळईखालनं उठला कसा न्हाई? उपाशी ठेवला व्हता का त्याला?"

अर्जुनाला तिच्याकडे बघवेना. त्याने पारड्यातल्या रुपयाकडे पाहिलं.

"माझंच चुकलं, काकी. चांदभाई म्हणत्यात त्येच खरं. तीस गाड्या व्हत्या. सगळा दगुड."

अंबूबाईने खांब सोडला.

"तरीच," ती म्हणाली, आणि मिठासाठी पदर पुढे केला.