चेपलेलं ताट

एका पायातला बूट काढून दुसऱ्याची नाडी सोडता सोडता शिरीष दारातच उकिडवा बसून राहिला. सिंगापुरातल्या क्लेमेंटीच्या त्या नवव्या मजल्यावरच्या कॉरिडॉरमध्ये कढीपत्त्याची कुंडी होती आणि कुंडीखाली, पाणी शेजाऱ्यांकडे वाहू नये म्हणून, एक स्टीलचं ताट. शिरीषने कुंडी जराशी कलती करून ताटाच्या काठावर कोरलेली अक्षरं वाचली.

"रत्नदीप वाघमारे, खोली चौदा. अरे, हे तर हॉस्टेलचं ताट! आणि तू ते कुंडीखाली घालतोस?"

"गळत नाही ते," रत्नदीप म्हणाला. "आत ये."

दोघं महाराष्ट्रातल्या एकाच इंजिनिअरिंग कॉलेजचे. शिरीष एक वर्ष पुढे. इंजिनिअर होऊन शेवटी बँकेत रमलेली माणसं सिंगापुरात शोधावी लागत नाहीत, त्यांतलाच तो एक. रत्नदीप युनिव्हर्सिटीच्या प्रयोगशाळेत संशोधक होता. इथल्या माजी विद्यार्थ्यांचा गट शिरीषने बांधलेला. दर डिसेंबरात तो कॉलेजात जायचा, शाल-श्रीफळ घ्यायचा आणि परत येऊन सगळ्यांना फोटो दाखवायचा. आज शनिवारी संध्याकाळी तो जवळच्या बुकित बातोकहून आला होता तो एक कागद घेऊन.

रत्नदीपच्या बायकोने, हर्षाने, चहा आणि चिवडा ठेवला. त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्यांची तेरा वर्षांची मुलगी एकता गृहपाठ करत होती.

"कोणीतरी इन्कम टॅक्सवाल्यांकडे तक्रार केलीय," शिरीष म्हणाला. "म्हणे हॉस्टेलमध्ये जात पाहून वागवतात, तेव्हा कॉलेजची करसवलत काढून घ्या. नेमकं तिचं नूतनीकरण आलंय. सवलत गेली तर पुण्या-मुंबईचे देणगीदार हात आखडता घेणार. म्हणून माजी विद्यार्थ्यांची पत्रं हवीत, की आम्ही तिथं राहिलो, असलं काही पाहिलं नाही. तुझी सही असली तर पत्राला वजन येईल."

त्याच्याच सहीला वजन का, हे कोणी बोललं नाही. हर्षा चहाची किटली घेऊन आत गेली.

रत्नदीपने पत्र दोनदा वाचलं. त्याच्या भावाच्या मुलीने, लताने, याच जूनमध्ये तिथं प्रवेश घेतला होता. तिची निम्मी फी माफ होती आणि ती माफी या देणग्यांतूनच यायची. भावाची स्वतःची ऐपत एका सत्राचीही नव्हती. रत्नदीपचं ठरलं होतं. सही करायची, कागद द्यायचा आणि विषय संपवायचा.

"पेन दे," तो म्हणाला.

शिरीषचा जीव भांड्यात पडला. पेन शोधता शोधता तो एकताकडे वळला. "तुझ्या बाबाचं ताट पाहिलंस ना बाहेर? काय हेवा वाटायचा आम्हाला! यांची ताटं स्वतःची, नाव कोरलेली, आरशासारखी लख्ख. आणि आमची मेसची, एकूण एक चेपलेली. चार वर्षं वरण ताटात एका बाजूलाच पळायचं."

"मग तुम्ही पण आणायचं ना, अंकल. सो सिंपल लाह," एकता सिंगापुरी ढंगात म्हणाली.

"आम्हाला सांगितलंच नव्हतं. काही जणांनाच होतं ते."

"कोणाला?"

रत्नदीप हॉस्टेलला आला त्या वर्षी शिरीष मेस सेक्रेटरी होता आणि आपल्या स्मरणशक्तीचा त्याला अभिमान होता. तो बोटांवर मोजत सांगू लागला. "तुझा बाबा, वाघमारे. उज्ज्वल कांबळे. अर्जुन गजभिये. पद्माकर सोनकांबळे. निशिकांत..."

पाचव्या बोटावर तो थांबला. करंगळी तशीच धरून बसला. निशिकांतचं आडनाव त्याला आठवत होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. बाकीची सहा नावंही आठवत असणार.

"ॲन्ड?" एकता म्हणाली.

"रेक्टरसर म्हणाले होते," शिरीष सावकाश म्हणाला, "यांना सरकारी स्कॉलरशिप असते, यांना आपली भांडी आणणं परवडतं. मी यादी लिहून बोर्डावर लावली. माझं अक्षर चांगलं होतं म्हणून." त्याने रत्नदीपकडे पाहिलं. "ती लख्ख कशी असायची रे?"

"आमची आम्हीच घासायचो. मावशी फक्त मेसची घासायच्या. आमची बाहेरच्या फळीवर असायची, मोरीपलीकडे."

"मला वाटायचं, तुम्हाला आवड आहे."

रत्नदीपला राग येईल असं त्यालाच वाटलं होतं. वीस वर्षं तो राग त्याने जपून ठेवला होता. पण हा माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच हेवा वाटला होता, आणि हे कळल्यावर रत्नदीपला रागापेक्षा थकवाच जास्त आला.

हर्षा दारात येऊन उभी होती. "भाऊजी, जूनमध्ये लताला सामानाची यादी आली," ती म्हणाली. "त्यात ताट, वाटी, पेला होता. नाव घालून. तिच्या खोलीतल्या दुसऱ्या मुलीच्या यादीत ते नव्हतं. आणि बाहेरची फळी मुलींच्या मेसमध्येही आहे."

शिरीषने चिवड्याची वाटी बाजूला सारली.

"मग तू सही कशाला करतोयस?" शिरीषने विचारलं. त्याचा आवाज जरा चढला होता.

"सवलत गेली तर ज्यांनी ती फळी ठोकली त्यांचं काय जाणार आहे? फी लताची जाईल."

शिरीष उठून खिडकीशी गेला, परत आला, बसला. मग त्याने कागद आपल्याकडे ओढून घेतला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला लागला. अक्षर अजूनही सुरेख होतं. वरती आपलं नाव, मेस सेक्रेटरी, एकोणीसशे त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी. मग ती यादी, बोर्ड आणि फळी. ती यादी मी स्वतःच्या हाताने लिहिली होती, हे वाक्य त्याने एकदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं.

"बँकेत कर्ज बुडेलसं वाटलं तर आम्ही लगेच दुकान जप्त करत नाही," मान वर न करता तो म्हणाला. "आधी अट घालतो. सवलत काढू नका, पण एकाच वर्षाची द्या. फळी गेली का ते बघून पुढची. अशी मागणी करू. याची एक प्रत कॉलेजलाही."

"तुला परत शाल मिळायची नाही."

"घरी अकरा आहेत."

"थांब," रत्नदीप म्हणाला. "ताट लताचं आहे. तिला विचारू दे."

तिकडे दुपारचे साडेचार वाजले होते. त्याने फोन लावून सगळं सांगितलं, फीचा धोकाही सांगितला. लताने सगळं ऐकून घेतलं.

"काका, माझं नाव नका घालू," ती म्हणाली. "पण लिहा. आम्ही आठ जणी आहोत."

रत्नदीपने शिरीषच्या सहीखाली सही केली. आडनावासकट, पूर्ण.

पुढचे चार महिने काहीच झालं नाही. कॉलेजकडून शिरीषला दोन ओळींचं थंड पत्र आलं आणि डिसेंबरात आमंत्रण आलं नाही. गटातले दोघे त्याच्याशी बोलेनासे झाले. लताची फीमाफी मात्र चालू होती. रत्नदीप दर महिन्याला विचारून खात्री करून घ्यायचा.

मार्चमधल्या एका रविवारी तो कढीपत्त्याला पाणी घालत असताना फोन वाजला. लता वैतागलेली होती.

"काका, इन्कम टॅक्सचे कोणी साहेब येऊन गेले वाटतं. मेसने सगळ्यांची ताटं एकाच ढिगात टाकलीत. बाहेरची फळीच काढली. आता जे हाताला लागेल ते घ्यायचं. माझं नवंकोरं ताट नेमकं तिसऱ्या वर्षाच्या त्या कादंबरी नावाच्या मुलीने उचललं, आणि मला हे असलं मिळालं, पार चेपलेलं. आमटी नुसती एका बाजूला पळते."

"बरं," रत्नदीप म्हणाला. "बरं बरं."

तिने फोन ठेवल्यावर त्याने लगेच शिरीषला लावला.

"लताला चेपलेलं ताट मिळालं," तो म्हणाला.

पलीकडे शिरीषने टीव्हीचा आवाज बारीक केला.

"मिळू दे की," तो म्हणाला. "तिला सांग, भाताचं आळं करून त्यात आमटी ओतायची. आम्ही चार वर्षं तेच केलं."