बुरशी लागली!

चंद्रभागाबाईंचा सगळा संसार लोणच्यावरची बुरशी चमच्याने काढून टाकण्यात गेला होता. आता सून बुरशी विकत आणून पेरणार, हे ऐकून त्या उठूनच बसल्या.

"काहून वो रंजे, डोकंबिकं फिरलं का तुझं?"

"फिरलं नाई आई. दुसरा रस्ताच उरला नाई."

ते खरंच होतं. आंबागडाचा डोंगर जिथून दिसतो अशा एका गावात बायकांच्या गटाचा हातकागदाचा कारखाना होता. कारखाना म्हणजे ग्रामपंचायतीची टिनाची शेड, एक हौद, लगदा कुटायचं यंत्र, आणि दिवसभर हातांबरोबर चालणारी बायकांची तोंडं. सुबाभळीचे ढलपे कॉस्टिक सोड्यात उकळायचे, कुटायचे, आणि जाळीच्या चौकटीवर हौदातून कागद उचलायचा. पावसाळ्यात सांडपाण्याच्या खड्ड्याचा बांध फुटला आणि ते पाणी थेट गावच्या बोडीत, त्या लहानशा तळ्यात उतरलं. सकाळी मासोळ्या पोट वर करून तरंगत होत्या.

मच्छीमार संस्थेचा म्हातारा देवाजी ग्रामसभेत ओरडला नाही. त्याने एक मेलेला रोहू टेबलावर ठेवला आणि खाली बसला. ओरडला असता तर गटाची अध्यक्ष म्हणून रंजिताने तोंड दिलं असतं. रोहूला काय उत्तर देणार? चूक गटाची होती, ती तिने कबूल केली. ठराव झाला: सव्वीस जानेवारीच्या सभेपर्यंत कॉस्टिकशिवाय कागद करून दाखवा, आणि त्याचं पाणी मासोळीला चाललं पाहिजे. नाहीतर शेड खाली करा.

शेड गेली तर काय जाणार, हे रंजिताला पक्कं ठाऊक होतं. लाखनीचा पत्रिका छापणारा तिच्या हातचा कागद उजेडाला धरायचा आणि "वा!" म्हणायचा. इतक्या वर्षांत तिच्या भाजीलाही कोणी वा म्हटलं नव्हतं.

वाट दाखवली मोहाडीच्या तृप्तीने. ती मशरूम पिकवायची.

"ताई, लाकडाचे धागे जो डिंक धरून ठेवते ना, तो ही पांढरी बुरशी खाऊन टाकते. धागे मोकळे. मंग कॉस्टिक कायले पाहिजे? जरासा धुण्याचा सोडा अन् थोडी आच, झालं काम. फक्त तिले पोटभर जेवू द्या."

ढलपे वाफवले, गार केले, त्यात मशरूमचं बी मिसळलं, क्रेटमध्ये भरले आणि ओल्या पोत्यांनी झाकले. बायका रोज पोतं उचलून डोकवायच्या, बाळंतिणीच्या खोलीत डोकवावं तसं. पण आत काही हालचाल नाही. ढलपे तसेच, तपकिरीच्या तपकिरी.

शेवटी रंजिताने एका क्रेटमध्ये कोपरापर्यंत हात घातला. मुठीत आली कडुनिंबाची वाळलेली पानं. दुसऱ्या क्रेटमध्ये तीच पानं, आणि वरून हळदीची सढळ चिमूट.

"आई!"

चंद्रभागाबाई दारातच होत्या. "काय झालं? धानाच्या ढोलीत टाकतोच ना आपण? सोंडे लागत नाईत. मी मनलं, पोरीची एवढी मेहनत, किडा लागून वाया जाईन."

तृप्ती मटकन खाली बसली. "अवो मावशी, आपल्याले कीडच लावाची होती!"

रंजिताच्या तोंडाशी आलं ते सुनेने सासूला बोलायचं नव्हतं. ते गिळता गिळता तिला दिसलं, की सकाळसंध्याकाळ टोमणे मारणारी ही बाई गुडघे धरत झाडाखाली गेली असेल, पानं तोडली असतील, सावलीत वाळवली असतील आणि कोणाला न सांगता एकेका क्रेटमध्ये खोचली असतील. त्या घरात माया बोलून दाखवायची रीतच नव्हती. कडुनिंब टाकायची होती.

"आई, आता राखण तुमचीच," ती म्हणाली. "पण आत काही म्हणजे काहीच टाकू नका. अंगाराही नाई."

थंडी पडली होती. हा डाव फसला तर तिसऱ्याला वेळ नव्हता. नवे ढलपे, नवं बी. चंद्रभागाबाई दाराशी पाट टाकून बसल्या. हात धुतल्याशिवाय कोणाला आत सोडेनात. सरपंचालाही साबण दिला. "सरपंच असशीन तुह्या घरचा. नखं दाखव."

आणि एका सकाळी त्यांनीच आरोळी ठोकली.

"रंजे, धाव वो! लागली! बुरशी लागली!"

एवढ्या आनंदाने असं ओरडणारी बाई महाराष्ट्रात ती पहिलीच असावी.

दुधावर साय धरावी तशी ढलप्यांवर पांढरी चादर पसरली होती. तृप्तीने पोटभर म्हटलं होतं तेवढं बुरशीला जेवू दिलं. मग रंजिताने एक ढलपा चिमटीत धरून दाबला. तो शिजलेल्या फणसासारखा धाग्याधाग्याने सुटला. तिने दुसरा दाबला, तिसरा दाबला. पुढचे कितीतरी तिने उगाचच दाबले.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन आटोपून अख्खं गाव शेडसमोर जमलं. कागद दोरीवर वाळत होते, सायीच्या रंगाचे. देवाजीने तिकडे पाहिलंही नाही. त्याच्या हातात डेगची होती, आणि डेगचीत बोटाएवढी मासोळ्यांची पिल्लं.

"कागद नोको दाखवू बाई. पाणी दाखव."

रंजिताने वाळू-कोळशातून निथळलेलं पाणी टबात ओतलं. कोऱ्या चहाच्या रंगाचं. लोकांत कुजबुज झाली. देवाजीने पिल्लं सोडली, वरून चिमूटभर कोंडा भुरभुरवला. ती तळाशी गेली आणि निपचित राहिली. एकही हलेना.

"हाला न वो बायांनो," चंद्रभागाबाई पुटपुटल्या.

एक पिल्लू सरकन वर आलं. पाण्यावर तरंगणाऱ्या कोंड्याला त्याने तोंड मारलं. मागून दुसरं आलं, आणि मग टबात नुसती झुंबड उडाली.

देवाजीने टबापाशी उकिडवं बसून एकेक पिल्लू मोजलं. मग उठला, दोरीवरचा एक कागद काढला आणि दोन्ही हातांनी ओढला. पुन्हा ओढला.

"फाटत नाई का हा?"

"फाडाले नाई केला, लिवाले केला," चंद्रभागाबाईंनी सुनावलं.

म्हातारा पहिल्यांदा हसला. त्याने टबाचा एक कान धरला आणि दुसऱ्याकडे मानेने खुणावलं. रंजिताने तो धरला. पुढे ते दोघं, मागे गाव, असे सगळे बोडीवर आले. देवाजी धोतर खोचून पाण्यात उतरला, मागोमाग रंजिताही उतरली, आणि दोघांनी पिल्लांसकट, त्या तपकिरी पाण्यासकट टब बोडीत रिता केला.

"ठराव मागून लिवजा," तो बोडीच्या पाळीवर, बांधावर उभ्या सरपंचाला म्हणाला. "माह्या मासोळ्या गेल्या आत."

शिट्ट्या झाल्या, टाळ्या झाल्या. कोणीतरी रिकामी डेगचीच वाजवायला घेतली. रंजिता गुडघाभर पाण्यात उभी राहून एवढ्या मोठ्याने हसली, की पलीकडचे बगळे उडाले.

"हसून झालं असन तर चाल," पाळीवरून चंद्रभागाबाई ओरडल्या. "क्रेट रिकामे पडले हायत. अन् हात धुवून ये!"